तांब्याचा रंग हिरवाच येते, पिरोजी काहून नाही?

चाकावरचा
मी भद्रावती तालुक्यातला, घरी कुंभारकाम. दिवाळीनंतर लग्नाले बीदरले गेलतो, तिथं महमूद गवानचा मदरसा पाहिला. 1472 चं काम, गवान स्वतः इराणातल्या गिलानचा. 1696 मध्ये आत ठेवलेल्या बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला अन् समोरची बरीच बाजू उडाली, पण उरलेल्या मिनारावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. लग्नात काय जेवलो ते आठवत नाही, तो निळा आठवते.

घरी आल्यावर आमच्याच लाल मातीच्या फरशा केल्या, शिशाची झिलई लावली, त्यात कॉपर ऑक्साइड टाकलं, लाकडाच्या भट्टीत भाजल्या. तीन खेपा झाल्या. दोनदा कैरीसारखा हिरवा. तिसऱ्यांदा कोपऱ्यातल्या दोन फरशा कलेजीसारख्या लाल! बाबा म्हणतात, नाद सोड, छपराचे कवेलू कर.

धूरवाला
लाल झाल्या त्या कोपऱ्यात धूर कोंडला होता. तांब्याला हवा मिळाली नाही की ते लाल होतं. त्या दोन फेकू नको, त्याच विकल्या जातील.

नीळ
दादा, चूक तांब्याची नाही, शिशाची आहे. शिशात तांबं हिरवं होतं, सोड्यासारख्या खारात पिरोजी. मी जयपूरला चार वर्षं ब्लू पॉटरी केली, तिथं पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं.

पण नुसती झिलई बदलून भागणार नाही. खाराची झिलई लाल मातीवर तडकते, आणि मातीतलं लोखंड खालून रंग मळकट करतं. म्हणून इराणी कारागिरांनी अंगच, म्हणजे झिलईखालची मातीच, बदलली. इराणातल्या काशान गावच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमनं 1301 मध्ये कृती लिहून ठेवली आहे: दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. बाराला एकच भाग माती! हे मिश्रण चाकावर उभं राहत नाही. चाकावर हात बसलेल्याला याचा वैताग येतो, मलाही आला होता. साच्यात दाबायचं, फरशीला तेच सोयीचं.

सोडा पाण्यात विरघळतो, म्हणून तसाच लावू नका. गारगोटीच्या पुडीबरोबर वितळवून पाण्यात ओता, मग त्या काचेची पूड करा. काशानला सोड्याऐवजी खारट झुडपांची राख होती, एवढाच फरक.

धूरवाला
आणि नक्षी लगेच रंगवायला जाऊ नको. एकेका रंगाची फरशी भाजून, छिन्नीनं आकार काढून जोडतात, त्याला मुअर्रक म्हणतात. एका फरशीवर सात रंग, म्हणजे हफ्त रंग, हे इस्फहानच्या शाही मशिदीत (सुरुवात 1611) भरपूर दिसतं, कारण काम भराभर उरकतं. तिथं दोन रंगांमध्ये काळी तेलकट रेघ मारतात, नाहीतर भट्टीत सगळी खिचडी. तू आधी एक निळा साध.

चाकावरचा
ताई, गारगोटी तर वर्धा नदीच्या काठी पायाखाली येते. उखळात कुटू काय?

नीळ
कोरडी अजिबात नको! ती धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. आधी लालबुंद तापवून पाण्यात टाका, म्हणजे ठिसूळ होते, मग ओलीच वाटा. तोंडाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क घ्या. आणि ती शिशाची झिलई जेवणाखाणाच्या भांड्यांपासून लांब ठेवा.

चाकावरचा
बरं झालं विचारलं, उखळ आईचंच होतं. या हप्त्यात भट्टीत बाबाचे कवेलू आहेत, माझा नंबर त्याच्यानंतर. निघाल्या की फोटो टाकतो, हिरव्या निघाल्या तरी.