टेक्सासमध्ये न्यायाधीश मतांवर निवडतात. ही पद्धत योग्य आहे का?

बायूकाठी:
२०१८च्या नोव्हेंबरात ह्यूस्टनला पहिल्यांदा मतदान केलं. यंत्राचं चाक फिरवतेय, फिरवतेय, न्यायाधीशांची नावं काही संपेनात. एकही ओळखीचं नाही. शेवटी पक्ष बघून मतं दिली, त्याची बोच अजून जात नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या त्या लाटेत हॅरिस काउंटीतले (ह्यूस्टनचा जिल्हा) रिपब्लिकन न्यायाधीश घाऊक पडले. त्यांचं काम कोणी पाहिलं?

मुळात वाटच अशी आहे. काही वर्षं वकिली, मग पक्षाची प्रायमरी (उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक), चार वर्षं खुर्ची, की पुन्हा मतं मागत फिरायचं. प्रचाराला पैसे देणारे बरेचसे वकीलच, उद्या त्याच कोर्टात उभे राहणारे. समोरच्या पक्षकाराने विश्वास कसा ठेवायचा?

समोरची_बाजू:
ताई, काम पाहिलं होतं, फेडरल (केंद्रीय) कोर्टाने. किरकोळ गुन्ह्यातला गरीब जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत, पैसेवाला त्याच दिवशी घरी. २०१७ला हे घटनाबाह्य ठरलं, तरी त्या कोर्टांतले बहुतेक न्यायाधीश अपिलात लढत राहिले. ते पडले आणि २०१९ला नव्यांनी नियमच बदलला. त्याच निवडणुकीत १७ कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश झाल्या. नेमणुकांच्या ओळखीपाळखीत त्यांना कोणी विचारलं असतं?

बायूकाठी:
जामिनाचं मान्य, हे मला ठाऊक नव्हतं. पण कॅलिफोर्नियात २०१६ला न्यायाधीश पर्स्की यांनी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सहा महिन्यांची कैद दिली आणि २०१८ला मतदारांनी त्यांना घरी पाठवलं. शिक्षा मलाही संतापजनक वाटली. तरी शिक्षा लिहिताना न्यायाधीशाला पुढची निवडणूक दिसू लागली, तर उद्याच्या गरीब आरोपीचं काय?

गोदाकाठचा_वकील:
आमच्याकडे एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होतात, साधारण तीन वर्षांनी बदली. मत मागावं लागत नाही, वर्गणीही नाही. मला हीच पद्धत बरी वाटते. फक्त वकिलीचा अनुभव हवाच. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ला तीन वर्षांची अट परत आणली, ते योग्य झालं. टेक्सासच्या जिल्हा न्यायाधीशाला आता आठ वर्षं लागतात, हे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखं.

समोरची_बाजू:
आणि तुमच्या न्यायाधीशाने दहा वर्षं गरिबांना असंच आत ठेवलं, तर गावाने कोणाकडे जायचं?

गोदाकाठचा_वकील:
उच्च न्यायालयाकडे. वेळ लागतो, खर्चही होतो, हे नाकारत नाही.

बायूकाठी:
मतदान तर मी करणारच. ह्यूस्टन बार असोसिएशन वकिलांकडून न्यायाधीशांबद्दल कौल घेते, तो या वेळी छापून नेते. केंद्रात मोबाइल चालत नाही, कागद चालतो.