आईच्या पाठीला पोक आलंय, ब्लाउज मागून वर चढतो. पेपर कटिंगमध्ये नेमकं काय बदलू?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी घरच्यांपुरतंच शिवते, बाहेरची शिलाई घेत नाही. प्रश्न आईच्या ब्लाउजचा आहे.

आई ७४ वर्षांची आहे. मणके दबल्यामुळे गेल्या चार-पाच वर्षांत तिला पोक आलंय, उंचीही दोनेक इंच कमी झालीय. छाती मात्र पूर्वीइतकीच, ३६. साधा चार टक्सचा (टक म्हणजे कापडाला आकार यावा म्हणून शिवलेली निमुळती चिमटी) ब्लाउज, पुढे हुक, मागचा गळा साडेतीन इंच, बाही कोपराच्या जरा वर. २०११ साली तिच्यासाठी पेपर कटिंग (ब्लाउजचा कागदी नमुना) केलं होतं, ते इतकी वर्षं जसंच्या तसं चाललं.

आता त्याच कटिंगचा ब्लाउज मागून वर चढतो आणि पाठीचा खालचा भाग उघडा पडतो. ती सारखी हात मागे नेऊन तो खाली ओढते, आणि हात मागे नेणं तिला आता जड जातं. पुढचा गळा वर सरकून घशाला टेकतो. छातीच्या वर आडव्या चुण्या पडतात. खांद्याची शिवण खांद्यावर न बसता मागे घसरते.

आधी मला वाटलं घट्ट होत असेल, म्हणून ३८ चा बेतला. तो बगलेत लोंबायला लागला आणि मागून चढायचा तो चढतोच. मग मुंढा (बाही जोडायची गोलाई) अर्धा इंच खाली उतरवला. त्याने तर हात वर केला की अख्खा ब्लाउजच वर जायला लागला. शेवटी तिला एका टेलरकडे नेलं. त्यांनी "आजी, सरळ उभ्या राहा" म्हणून माप घेतलं. आईने श्वास रोखून जमेल तेवढी पाठ ताठ केली, टेप निघाली तशी पुन्हा वाकली. तो ब्लाउज तिने एकदा घातला आणि घडी करून ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात भाच्याची मुंज आहे. तिची जुनी इरकल नेसायची आहे आणि ब्लाउजसाठी त्याच साडीतलं राखून ठेवलेलं ८० सेंटीमीटर कापड आहे. चुकलं तर दुसरं मिळणार नाही. ती म्हणते, "कशाला खटाटोप करतेस, मी शाल घेईन अंगावर." मला तिने शाल न घेता मांडवात बसावं असं वाटतं.

रुबिया

माझ्या सासूबाईंनाही असंच होतं. मी मागची उंची खालून दोन इंच वाढवते. निदान कंबर तरी झाकली जाते.

जुनी_मशीन

रुबियाताई, खालून वाढवल्याने झाकलं जातं खरं, पण घशाला टेकणारा गळा तसाच राहतो ना? कापड कमी पडतंय ते पोकावर. खाली कितीही जोडलं तरी ते पोकावर चढून जात नाही, कमरेशी नुसतं लोंबतं.

कृष्णाकाठ, मी २२ वर्षं शिवणक्लास घेतला आणि स्वतःच्या आईचे ब्लाउज तिच्या ८८ व्या वर्षापर्यंत शिवले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या आईचा घेर बदललेला नाही. बदलली आहे ती पाठीची आणि छातीची लांबी. पाठ गोल झाली की मानेपासून कमरेपर्यंतचं अंतर वाढतं आणि पुढचं आखडतं. जुन्या कटिंगमध्ये पाठ आखूड पडते, म्हणून ती सगळा ब्लाउज मागे खेचून घेते. चढणारी पाठ, घशाला टेकणारा गळा, मागे सरकलेली खांद्याची शिवण, तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. ३८ चा केल्याने रुंदी वाढली, जी नकोच होती.

माप घेताना त्यांना सरळ उभं करू नका. त्या रोज जशा उभ्या राहतात, बसतात, तसंच राहू द्या. ब्लाउजची खालची कड जिथे येते तिथे अंगाभोवती एक नाडा बांधा, पुढून-मागून एका पातळीत. मानेच्या मुळाशी जो टोकदार मणका हाताला लागतो तिथून पाठीच्या मधोमध, पोकावरून अंगाला लावून, नाड्यापर्यंत टेप उतरवा.

हेच अंतर कागदावर मोजायचं. तिथे गळा कापलेला असल्यामुळे मणक्याची जागा दिसत नाही. पाठीची घडीची रेघ (म्हणजे पाठीचा मध्य) वर वाढवा आणि खांद्याचं गळ्याकडचं टोक ज्या पातळीत आहे त्याच्या पाऊण इंच खाली खूण करा. तिथून खालच्या कडेपर्यंत मोजा, माया (शिवणीसाठी ठेवलेला जादा भाग) सोडून. दोन मापांतला फरक म्हणजे पाठीला कमी पडणारं कापड.

आता पोकाची सगळ्यात उंच जागा कागदावर कुठे येते ते बघून घडीच्या रेघेपासून मुंढ्यापर्यंत आडवा काप द्या. मुंढ्याशी पूर्ण कापू नका, सुतभर कागद चिकटलेला राहू दे. मग वरचा तुकडा घडीच्या बाजूने तेवढ्या फरकाइतका उघडा आणि खाली दुसरा कागद चिकटवा. मुंढ्याशी काहीच उघडत नाही, म्हणून मुंढा आणि बगलेची शिवण होती तेवढीच राहते आणि पुढच्या भागाशी जुळते.

उघडल्यावर वरच्या तुकड्याची घडीची रेघ तिरकी होऊन खांद्याकडे झुकेल. खालच्या रेघेच्या सरळीत ती वरपर्यंत आखून घ्या. त्यामुळे गळ्याशी जी रुंदी वाढेल ती सोडून देऊ नका, नाहीतर मागचा गळा आ वासून राहील. तेवढ्याच रुंदीचा एक छोटा टक मागच्या गळ्याला दोन्ही बाजूंना घ्या, टोक पोकाकडे, पण सर्वांत उंच जागेच्या अलीकडे थांबलेलं. पोकाला कापडाची वाटी मिळते ती या टकांमुळे. अनेक जणी काप देतात आणि इथे कंटाळा करतात.

पुढच्या भागाचं आत्ताच मोजू नका. जुन्या मऊ चादरीचा किंवा मांजरपाटाचा एक कच्चा ब्लाउज धावदोऱ्याने जोडा, घालून बघा आणि छातीच्या वर जी आडवी चुणी पडते ती टाचण्यांनी चिमटीत धरा. मध्यावर जेवढी येईल तेवढी, मुंढ्याकडे शून्य. तेवढी घडी कागदात घाला. मधली रेघ गळ्याजवळ बाहेर झुकेल, ती सरळ आखून जादा भाग कापा.

आणि मुंढा कृपा करून पुन्हा वर न्या. मुंढा खाली उतरला की बाही लांबवर कुशीला, म्हणजे बगलेखालच्या शिवणीला, जोडली जाते आणि हात उचलताना सगळी कूसच ओढली जाते. बगलेला काचणार नाही इतपत वर असलेला मुंढाच हाताला मोकळा वाटतो.

कृष्णाकाठ

काकू, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं आणि आज दुपारी बसले. आईचं पाठीचं माप सव्वापंधरा आलं. कागदावर पावणेचौदा. दीड इंच! इतकी वर्षं मी घेरात शोधत होते.

कच्चा ब्लाउज जुन्या पलंगपोसाचा केला. मागचा गळा पाठीला अलगद टेकला. पुढे मध्यावर पाऊण इंचाची चुणी चिमटीत आली. अजून दोन गोष्टी खटकतात. खांद्याची शिवण गळ्याशी बरोबर आहे पण बाहीकडे अजून मागेच राहते, आणि बाहीला पुढून ओढ दिसते. शिवाय उजव्या बाजूला गळ्याशी कापड सैल राहतं, डाव्या बाजूला नाही.

जुनी_मशीन

पहिली गोष्ट अपेक्षित होती. पोक येतं तेव्हा खांदे पुढे येतात. खांद्याच्या बाहीकडच्या टोकाला पाठीच्या भागात अर्धा इंच वाढवा, पुढच्या भागात तेवढाच कमी करा, गळ्याकडचं टोक हलवू नका. शिवण तिरकी होऊन पुढे येईल. बाहीच्या गोलाईवरची मधली खूणही अर्धा इंच पुढच्या बाजूला सरकवा. ती विसरलात तर बाही पिळवटते.

दुसऱ्यासाठी त्यांच्या मागे उभं राहून दोन्ही खांदे बघा. उजवा खाली आहे का?

कृष्णाकाठ

हो. पाव इंचाहून थोडा जास्तच. कधी लक्षात आलं नव्हतं.

उरेब

मग उजवी आणि डावी बाजू वेगळी बेता, कागद घडीवर न ठेवता पूर्ण पाठ आखा. उजव्या खांद्याची शिवण बाहीकडे पाव इंच खाली घ्यायची आणि त्या बाजूचा मुंढाही तळाशी तेवढाच खाली, म्हणजे बाही दोन्हीकडे एकच चालते. गळ्याशी सैल आहे ते बहुतेक याने बसेल. उरलंच तर उजवा टक चिमूटभर जास्त घ्या. कागदावर "उजवा" असं मोठ्या अक्षरात लिहा, कापड उलटं पडलं तर सगळं वाया जातं.

आणखी एक. माझ्या आईची बोटं सांधेदुखीने वाकली होती, हुक लागेनात. मी वरून हुकपट्टी तशीच ठेवली आणि आत मोठी टिचबटणं लावली, दिसायला काही फरक नाही. पण टिचबटण दाबताना छातीवर जोर पडतो, तो सोसतो का ते आधी विचारा. नाहीतर मोठ्या आकाराचे हुक बरे.

इरकलीला अस्तर लावणार असाल तर अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. आणि सगळ्या शिवणींत इंचभर माया ठेवा, पाठ अजून बदलू शकते.

कृष्णाकाठ

दुसरा कच्चा ब्लाउज आज झाला. यावेळी उभं करून बघितलंच नाही, तिला तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसवलं आणि समोर मटार सोलायला दिले. बसल्यावर पुढची कड पोटात रुतत होती, म्हणून पुढची उंची खालून अर्धा इंच कमी केली, बगलेशी शून्यावर आणून. गळा घशाला टेकत नाही. उजवीकडचा झोळ गेला, अगदी बारीक राहिलाय, तो टकात घेईन. टिचबटणं ती "नको" म्हणाली, मोठे हुक लावणार आहे.

मटार संपेपर्यंत तिने हात मागे नेला नाही. मी घड्याळ लावून बसले होते, पस्तीस मिनिटं. मग उठून देवापाशी दिवा लावायला गेली, फडताळातून काडेपेटी काढायला हात वर केला, तेव्हाही पाठ झाकलेली होती. म्हणाली, "हाच घालून बसते आज, काढू नकोस." पलंगपोसाचा, धावदोऱ्याचा ब्लाउज!

अस्तर भिजत घातलंय. इरकल परवा कापते. काकू, मागच्या गळ्याच्या टकावरून उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावताना टक आधी शिवून घ्यायचा ना?

जुनी_मशीन

हो, आधी टक. तो मधल्या बाजूला दाबून इस्त्री करा आणि मग पट्टी. वळणावर पट्टी ओढू नका, किंचित सैल सोडा.