इलेक्ट्रिक गाडी: खरा खर्च किती, फायदा किती?

इलेक्ट्रिक गाडी वापरणाऱ्यांनी इथे आकडे द्यावेत. नुसतं 'परवडते' लिहू नका. महिन्याचं रनिंग, चार्जिंग कुठे, वायर कोणती, हेही लिहा.

पुणे, सोसायटीत स्वतःचा चार्जर
शहरात युनिटला ७ किमी पडत असतील तर हिशोबाला ६ धरा. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, बिल मात्र मीटरप्रमाणे येतं. शिवाय बिलातला सरासरी दर धरू नका. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतो. गाडीची युनिटं घरच्या वापरावर चढतात, म्हणून त्यांना वरचाच टप्पा लागतो. युनिट १५ रुपये धरलं तर किमीला अडीच रुपये. पेट्रोल १०४ रुपये आणि अ‍ॅव्हरेज १४ असेल तर साडेसात. वाचले पाच. ऑन-रोड किमतीत ३ लाखांचा फरक असेल तर तो ६०,००० किमीला भरून निघतो: महिना १,२५० किमीवाल्याला चार वर्षं, ५०० वाल्याला दहा. ५०० वाल्यांनी निव्वळ पैसे वाचवायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुंबई-पुणे नेहमीचं
वरचा हिशोब घरी चार्जिंग असेल तरच. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २४ रुपये युनिट पडलं आणि हायवेला साडेपाच किमी मिळाले, तर किमीला चार रुपये चाळीस पैसे, डिझेलच्या जवळच. ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाडीला टोलमाफी आहे, ती इथे कामाला येते.

वायरिंगबद्दल
३.३ किलोवॉटचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटमधून आठ-नऊ तास सलग जवळजवळ पूर्ण करंट ओढतो. गीझर वीस मिनिटांत बंद होतो, हा होत नाही. सॉकेटचे स्क्रू सैल असले की तिथे उष्णता साठते. आधी पिन काळवंडते, मग प्लास्टिक वितळतं. मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की बंद पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि इंडस्ट्रियल सॉकेट लावा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको! ७.२ किलोवॉटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या चार्जरला) ६ चौरस मिमी, अंतर लांब असेल तर १०; आणि वीजजोडणीचा मंजूर भार आधी वाढवून घ्या. लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नसेल तर बहुधा अर्थिंग कच्चं असतं. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा, ते ३ च्या आत हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालत राहा.

बॅटरी, टायर
एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा. तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज चुकत जातो आणि २० वरून आकडा एकदम खाली येतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी असेल तर रोज ८० टक्के पुरे. १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. ऑइल, क्लचचा खर्च नाही, पण वजन आणि टॉर्कमुळे टायर लवकर झिजतात, ते हिशोबात धरा. लोणावळ्यात १०० टक्के भरून घाट उतरू नका. भरलेल्या बॅटरीत रिजनला (वेग कमी करताना मोटर परत तयार करते त्या विजेला) जागा नसते, सगळा भार ब्रेकवर येतो.