किरण आला की किरण आली?

विचारणा

एका इंग्रजी बातमीचं मराठी करते आहे. बातमीत किरण नावाच्या व्यक्तीचं म्हणणं दोन-तीनदा आलंय. फोटो नाही, आडनावावरूनही काही कळत नाही. इंग्रजीत 'सेड' म्हणून भागलं, पण मी 'म्हणाले' लिहू की 'म्हणाल्या'? आमच्याकडे कोल्हापूरला किरण म्हटलं की मुलगाच. दिल्लीला नोकरीत होते, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्या किरण बायका. हे नाव मुळात कोणाचं? आणि लिंग कळू न देता मराठीत लिहिता येतं का?

उत्तर

कोल्हापूर आणि दिल्लीचा जो फरक तुम्हाला जाणवला, त्यातच निम्मं उत्तर आहे. किरण हा शब्द मराठीत पुल्लिंगी. तो किरण, कोवळा किरण, आशेचा किरण. हिंदीत तोच स्त्रीलिंगी. तिथे 'सूरज की पहली किरण' असते, 'आशा की किरण' असते. उर्दू आणि पंजाबीतही स्त्रीलिंगीच. गुजरातीत आणखी तिसरं, तिथे तो नपुंसकलिंगी: 'आशानुं किरण'. संस्कृतातून सगळ्यांनी एकच शब्द घेतला आणि ज्याने त्याने आपापल्या लिंगात बसवला. पुढे बारशाच्या वेळी आईवडिलांनी तो शब्द आपल्या भाषेत कानावर पडतो तसाच घेतला. हे नाव एका प्रांतात मुलग्यांचं आणि दुसऱ्यात मुलींचं का, याचं सगळ्यात साधं कारण मला हेच वाटतं.

माहितीतली माणसं डोळ्यांसमोर आणून बघा. किरण बेदी अमृतसरच्या, पंजाबी. 1972 साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. किरण खेर याही पंजाबी. अभिनेत्री आणि चंदीगडच्या माजी खासदार. आता मराठी बाजूला या. कादंबरीकार किरण नगरकर, नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, पक्षी-निरीक्षक किरण पुरंदरे, कथालेखनासाठी 2021 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले किरण गुरव, अभिनेते किरण माने. सगळे पुरुष.

क्रिकेटमध्ये तर ही विभागणी फारच ठसठशीत दिसते. बडोद्याचे यष्टिरक्षक किरण मोरे भारताकडून 49 कसोटी खेळले. 1988 च्या जानेवारीत मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध नरेंद्र हिरवाणींनी पदार्पणातच 16 बळी घेतले, तो सामना जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच सामन्यात मोऱ्यांनी यष्ट्यांमागे सहा फलंदाजांना यष्टिचीत केलं, त्यातले पाच एकाच डावात. हिरवाणींचे चेंडू फलंदाजांना क्रीझबाहेर खेचत होते आणि मागे मोरे टपलेले होते. दुसरी किरण पाकिस्तानची, किरण बलूच. 2004 च्या मार्चमध्ये कराचीला, समोर पुन्हा वेस्ट इंडीजच, आणि तिने एका डावात 242 धावा केल्या. महिलांच्या कसोटी क्रिकेटमधली ही सर्वोच्च धावसंख्या. मराठी घरातला किरण मुलगा आणि उर्दूच्या मुलुखातली किरण मुलगी, हे या दोन नावांत लख्ख दिसतं.

हा नियम मात्र नाही, कल आहे. उत्तरेतले अभिनेते किरण कुमार पुरुष आहेत. तिथे नावाला जोडलेला 'कुमार' शंका फेडतो. दक्षिणेतही हीच जोडी भेटते. इस्रोचे माजी अध्यक्ष ए. एस. किरण कुमार आणि एकत्रित आंध्र प्रदेशाचे शेवटचे मुख्यमंत्री नल्लारी किरण कुमार रेड्डी ही दोन ठळक उदाहरणं. उलट दिग्दर्शिका किरण राव आणि बायोकॉनच्या संस्थापिका किरण मजुमदार-शॉ या बंगळूरशी नातं असलेल्या स्त्रिया. मजुमदार-शॉ यांचं घराणं गुजराती. 2006 चा बुकर मिळवणाऱ्या किरण देसाईंचं वडिलांकडचं नातंही गुजरातीशी. गुजरातीत शब्दच नपुंसकलिंगी असल्यामुळे तिथे दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

इंग्रजीत लिहिणारे दोन ठळक भारतीय कादंबरीकार किरणच. नगरकर आधी मराठीत लिहीत, नंतर इंग्रजीकडे वळले. मराठी वाचक त्यांना ओळखतो, म्हणून देसाईंचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर 'तो किरण देसाई' असं बोलून जातो. भाषेची सवयच तशी आहे.

आता मूळ शब्द. संस्कृतात किरण पुल्लिंगी. 'कॄ' म्हणजे विखुरणं, पसरणं या धातूपासून आला. सूर्य जे विखुरतो ते किरण. म्हणजे लिंगाच्या बाबतीत मराठीने मूळ जपलं आणि हिंदीने बदललं. पण एवढ्यावरून 'खरं नाव मुलाचंच' असा निवाडा कोणी देऊ नये. तो न्याय लावायचा तर रश्मीचं काय करणार? रश्मि हा किरणाचाच समानार्थी शब्द, संस्कृतात तोही पुल्लिंगी, आणि आपल्याकडे रश्मी म्हटलं की मुलगीच. तिथे शेवटच्या 'ई'ने बाजी मारली. माधुरी, वैशाली, रजनी यांच्या रांगेत रश्मी सहज जाऊन बसली. किरणच्या शेवटी असा कुठलाच इशारा नाही. उच्चारात शेवट व्यंजनावर होतो, म्हणून हे नाव दोन्हीकडे चालतं. मयूखही तसंच व्यंजनान्त आणि किरणवाचीच, पण ते मुलग्यांतच राहिलं.

तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. मराठीत लिंग झाकता येतं, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच.

भूतकाळात 'ने' लागला की क्रियापद कर्त्याकडे बघत नाही. 'किरणने पत्र लिहिलं', 'किरणने चहा केला', 'किरणने भाजी आणली'. यात लिहिलं, केला, आणली ही रूपं पत्र, चहा आणि भाजी यांची. किरणचा काही पत्ता लागत नाही. 'म्हणणं' हे क्रियापद मात्र 'ने' घेत नाही, त्यामुळे 'म्हणाला-म्हणाली'त अडकायला होतं. 'सांगणं' घ्या, सुटाल. वर्तमानपत्रांची ठरलेली वाक्यरचना आठवा: 'असे किरण यांनी सांगितले'. या 'यांनी'त आदर आहे आणि लिंग नाही. 'यांचे', 'यांना', 'यांच्याकडे' हीही तशीच. फसायला होतं ते 'हे' आणि 'या' लिहिताना. 'किरण हे संचालक आहेत' किंवा 'किरण या संचालक आहेत' म्हटलं की कौल देऊन झाला.

भविष्यकाळ तर अगदी निर्धोक. 'किरण उद्या येईल, बोलेल, निघेल.' हिंदीत इथेही 'आएगा-आएगी' करावंच लागतं, मराठीत नाही. समोरच्याशी बोलताना 'तुम्ही कधी आलात?' हेही दोघांना चालतं. 'आलास-आलीस'चा पेच फक्त 'तू' म्हटलं तरच.

आणखी एक बारकावा. सूर्याचा किरण असेल तर आपण 'किरणाने', 'किरणांनी' म्हणतो. माणूस असेल तर 'किरणने', 'किरणला'. विशेषनामांचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दात होणारा बदल, आता बहुतेक करत नाहीत. ते केलं असतं तर पुरुषाचं 'किरणाने' झालं असतं, स्त्रीचं काही वेगळं, आणि विभक्तीतच सगळं उघड झालं असतं. जुन्या वळणाचे लोक अजून 'रामाने', 'गोविंदाला' म्हणतात, त्यात हे दिसतं.

तरीही माझा सल्ला असा: झाकता येतं म्हणून झाकू नका. बातमीतल्या माणसाला किंवा त्याच्या संस्थेला विचारा. जिने आयुष्यभर स्वतःच्या नावापुढे 'श्री.' छापून आलेलं बघितलंय, तिला एका योग्य 'म्हणाल्या'चं मोल ठाऊक असतं. लग्नपत्रिकेत, गुणपत्रिकेत, रेशनकार्डावर ही चूक होते आणि निस्तरायला मात्र तिलाच हेलपाटे घालावे लागतात. आपली नाव लिहायची पद्धतही इथे कामी येत नाही. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, म्हणजे दोन्ही बाबतींत पुरुषाचंच, त्यावरून पहिल्या नावाचा उलगडा होत नाही.

प्रतिसाद

लिंगानुसार नाव जातं हे पटलं, पण मग शिरीष पै? शिरीष तर मराठीत पक्कं मुलग्याचं नाव.

उत्तर

फार चांगलं उदाहरण काढलंत. शिरीष पै म्हणजे आचार्य अत्र्यांच्या कन्या, कवयित्री. मराठीत हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार रुजवण्याचं श्रेय त्यांना जातं. त्यांच्याच काळात शिरीष कणेकर सिनेमा आणि क्रिकेटवर लिहीत होते. त्यामुळे 'शिरीषचं लेखन' एवढंच म्हटलं तर मराठी वाचकाला पुढचं आडनाव ऐकेपर्यंत थांबावं लागायचं.

संस्कृतात झाडाचं नाव साधारण पुल्लिंगी असतं आणि त्याच्या फुलाचं नपुंसकलिंगी. शिरीषाचंही तसंच. पण त्याच्या फुलाचा लौकिक कोमलपणाचा. कालिदासाने पार्वतीचे बाहू शिरीषाच्या फुलाहूनही सुकुमार असल्याचं म्हटलंय. रेशमाच्या बारीक तंतूंचा झुबका असावा तसं ते फूल, हातात घेतलं की लगेच चुरगळतं. असं नाव मुलीला का ठेवू नये? उलट मला नवल याचंच वाटतं, की आपण ते जवळजवळ पूर्णपणे मुलग्यांच्या वाट्याला दिलं. शिरीष पैंचं नाव मला म्हणूनच आवडतं: प्रघात एकीकडे असताना घराने वेगळं नाव निवडलं, आणि कुठेही 'आ' जोडून त्याची 'शिरीषा' केली नाही.

सुहासचंही तसंच. अभिनेत्री सुहास जोशी आणि कादंबरीकार सुहास शिरवळकर ही नावं मराठी माणसाच्या तोंडी सारखीच रुळलेली. हास पुल्लिंगी, सुहासही पुल्लिंगी, पण गोड हसण्यावर कोणा एकाचा हक्क थोडाच आहे! (सुहास पळशीकर मात्र दोन आहेत, एक राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि एक अभिनेते. दोघेही पुरुष, तिथे गोंधळ निराळा.)

आणि स्नेहल. संगीतकार वासुदेव भाटकरांनी 'स्नेहल भाटकर' या नावाने चाली दिल्या. भारताकडून क्रिकेट खेळलेल्या स्नेहल प्रधान महिला. स्नेहल हे विशेषण आहे, स्नेहाने भरलेला किंवा भरलेली. विशेषणाला स्वतःचं लिंग नसतंच.

प्रतिसाद

बंगालमध्ये ज्योती बसू. माझ्या मुलीला शाळेत शिकवताना तिने 'त्या मुख्यमंत्री होत्या' असं लिहिलं होतं.

उत्तर

मुलीची काही चूक नाही, मराठीत ज्योती स्त्रीलिंगी आणि नावही बाईचं. बंगालीत व्याकरणिक लिंगच नाही. क्रियापद बाई-पुरुष बघत नाही, त्यामुळे नावाला लिंगाच्या चौकटीत बसवण्याची तेवढी निकड तिथे पडत नाही. 1977 ते 2000 पश्चिम बंगालचं मुख्यमंत्रिपद सांभाळणारे ज्योती बसू त्यामुळे तिथे कोणालाच वावगे वाटले नाहीत. गायक कबीर सुमनही बंगालीच, पूर्वीचे सुमन चट्टोपाध्याय. आपल्याकडे सुमन म्हटलं की सुमन कल्याणपूर आठवतात. गोल्फपटू ज्योती रंधावा पुरुष आहेत. त्यांचं मूळ नाव ज्योतिंदर, ते बोलता बोलता आखडलं.

मराठी पुरुषांच्या नावात ज्योती आहेच, पण शेपूट लावून: जोतीराव, जोतिबा. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरचा देव जोतिबा, तेच नाव. कमलचंही असंच झालं. कमल देसाई, कमल पाध्ये या आपल्याकडच्या लेखिका, आणि पुरुषाचा कमलाकर झाला. तमिळनाडूत कमल हासन आणि मध्य प्रदेशात कमलनाथ पुरुष, शेपटीची गरज पडली नाही. शशीच्या बाबतीत उलट: शशी कपूर, शशी थरूर अशी पुरुषांची रांग, आणि त्यात धारवाडला जन्मलेल्या कादंबरीकार शशी देशपांडे. चंद्र संस्कृतातही पुल्लिंगी आणि मराठीतही, तरी त्यांच्या नावात कोणाला खटकलं नाही.

नीलम मात्र फसवं आहे. नीलम गोऱ्हे यांचं ते पहिलं नाव. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांच्या नावातलं नीलम हे घराण्याचं नाव, तेलुगू रीतीप्रमाणे पुढे आलेलं. 1977 साली ते राष्ट्रपती झाले, तेव्हा पहिल्या शब्दावरून बाई समजणारे मराठी लोक असतील तर नवल नाही.

विचारणा करणारीचा प्रतिसाद

संस्थेला फोन केला. किरण बाई आहेत, सोलापूरच्या. 'म्हणाल्या' लिहिलं. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वर्गात आणखी दोन किरण होते, दोघेही मुलगे, आणि हजेरीत मास्तर हिला 'किरण मुलगी' म्हणून हाक मारायचे.