‘करणं’ कुणाच्या वाट्याला येतं? तुमचे अनुभव लिहा

‘आईवडिलांचं करणं’ म्हणजे नेमकं काय करणं? बाबांना पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. मी दर महिन्याला पैसे पाठवायचे आणि माझं झालं असं समजायचे. मग दिवाळीत गेले, तर बाबा शर्टाची बटणं लावत होते. दहा मिनिटं. आई शेजारी उभी, हात न लावता, कारण मदत केलेली त्यांना खपत नाही. ती दहा मिनिटं डोक्यातून जात नाहीत. तुमच्या घरी कोण करतं, कसं करतं, मोकळेपणाने लिहा.

सोलापूर जिल्हा

आजी 78 वर्षांची. श्रावणबाळ योजनेचे 1500 रुपये काढायला गेलं की बँकमित्राच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. जन्मभर शेतात राबून रेषाच झिजल्यात. मी आदल्या रात्री बोटांना खोबरेल चोळून ठेवतो, थोडा फरक पडतो. त्या दिवशी कॉलेज बुडतं. पण 75 च्या पुढच्यांना एसटी फुकट झाल्यापासून बहिणीकडे मात्र ती एकटीच जाऊन येते. तिथे मी लागत नाही, याचा तिला फार आनंद आहे.

पुणे

मी सून. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं चार वर्षं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नोकरी सोडली. मुलगे तीन, पण नोकरी कोण सोडणार हा प्रश्न घरात निघालाच नाही. सासूबाईंवर राग नाही. शेवटी शेवटी त्या मलाच ‘आई’ म्हणायच्या. मला कुणी एकदा विचारायला हवं होतं. मी हो म्हणाले असते.

नाशिक

घर मुलांच्या नावावर करणार असाल तर बक्षीसपत्रात ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं स्पष्ट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली मग ते न्यायाधिकरणाकडून रद्द करून मागता येतं. माझ्या मामांनी लिहून घेतलं नव्हतं.

स्टुटगार्ट

पुण्याच्या ताई, तुमचं वाचून वहिनीला फोन केला. आई अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडेच असते. ‘तुला जमतंय का गं?’ एवढंच विचारलं. ती बराच वेळ बोललीच नाही. डिसेंबरात महिनाभर मी येतेय, ती माहेरी जाईल. एकटीने कूस कशी बदलायची, जरा सविस्तर लिहाल का?