ब्रेक्झिटनंतरचे करार : शेजार तोडून लांबची सोयरीक?

लेस्टरकर

२४ जुलै २०२५ रोजी चेकर्सला, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या गावाकडच्या सरकारी घरी, मोदी आणि ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर यांच्यासमोर भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दिवसभर अभिनंदनाचे मेसेज. "ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं (तेच ब्रेक्झिट) म्हणून हे जमलं," असा बऱ्याच जणांचा सूर होता. मला तो पटत नाही, म्हणून हा धागा.

मी चीज बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत माल पाठवण्याचं काम बघतो. २०२० पर्यंत फ्रान्सची ऑर्डर आली की दुपारी खोकी भरायची, संध्याकाळी ट्रकवर चढवायची, संपलं. लीड्सला पाठवा नाहीतर लियाँला, काम तेच. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक खेपेला सीमाशुल्काचे कागद आणि पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. वीस खोक्यांना जेवढा खटाटोप, तेवढाच दोन खोक्यांना. छोट्या ऑर्डरी आम्ही बंदच केल्या. आयातशुल्क शून्यच आहे बरं का, २०२० च्या नाताळच्या आदल्या दिवशी झालेल्या करारात ते शून्य ठेवलं. जीव जातो तो कागदांपायी.

आता नव्या करारांकडे बघा. ऑस्ट्रेलियाच्या करारामुळे २०३५ पर्यंत अर्थव्यवस्थेत ०.०८ टक्के भर, भारताच्या करारामुळे पुढेमागे ०.१३ टक्के. हे सरकारचेच अंदाज. आणि सरकारी खर्चाचा ताळा तपासणारी स्वतंत्र संस्था ओबीआर म्हणते, बाहेर पडल्यामुळे दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. २०२४ मध्ये भारताशी एकूण व्यापार सुमारे ४३ अब्ज पौंडांचा, युरोपीय संघाशी ८०० अब्जांच्या वर. हा खड्डा त्या मातीनं कसा बुजेल?

स्वतंत्र बाणा

पूर्ण असहमत. युरोपीय संघानं भारताशी बोलणी २००७ मध्ये सुरू केली आणि २०१३ मध्ये ती ठप्प झाली. ब्रिटननं जानेवारी २०२२ ला सुरुवात केली आणि साडेतीन वर्षांत सह्या केल्या. एकट्यानं बोलणी करण्याचा फायदा हाच. सगळ्या सदस्यांचं मन राखायचं म्हणजे काय, ते कॅनडानं २०१६ मध्ये अनुभवलं. बेल्जियममधल्या वालोनिया या एका प्रांतानं त्यांचा युरोपीय संघाशी होणारा अख्खा करार अडवून धरला होता.

स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० वर येणार. २०२५ मध्ये अमेरिकेनं युरोपवर १५ टक्के शुल्क लावलं, ब्रिटनवर १०. सनदरलंडच्या मोटार कारखान्यातल्या कामगाराला ०.१३ टक्क्याचं गणित सांगू नका, त्याला वरचे ५ टक्के कळतात. आणि २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला मत दिलं ते आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत म्हणून.

लेस्टरकर

कायद्याचा मुद्दा मान्य. पण घाईची किंमत कोण मोजतं? ऑस्ट्रेलियाशी करार झाला तेव्हा शेतीमंत्री असलेले जॉर्ज युस्टिस यांनी पद गेल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये संसदेत सांगितलं की तो ब्रिटनसाठी फारसा चांगला करार नव्हता, दिलं फार आणि मिळालं कमी. ऑस्ट्रेलियाच्या मटणाची धास्ती घेतलेला वेल्समधला मेंढपाळ ते ऐकत होता. भारताशीही तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन यांनी "दिवाळीपर्यंत" अशी मुदत जाहीर केली होती, ती २०२२ ची दिवाळी कोरडीच गेली. घाईत असलेलं गिऱ्हाईक दुकानदार बरोबर ओळखतो.

द्राक्षबाग निफाड

दादा, इकडची बाजू सांगतो. आमची द्राक्षं नेदरलँड्सला जातात तशी इंग्लंडलाही. इंग्लंडनं शुल्क काढलं तर चार पैसे सुटतील, आनंदच आहे. पण आमचा कंटेनर अडतो तो शुल्कापायी नाही, औषधांच्या अवशेषांपायी. आधी दोन्हीकडे एकच मर्यादा होती. आता त्या वेगळ्या होत गेल्या तर एकाच बागेत फवारणीची दोन वेळापत्रकं ठेवायची का? छाटणी झाली की आम्हाला हे ठरवावं लागतं, माल कोणत्या बंदरात उतरेल हे तेव्हा कुणाला माहीत?

पुणे ते रेडिंग

मी कंपनीच्या बदलीवर दोन वर्षांसाठी आलो. पहिलं वर्ष सुटलं, दुसऱ्या वर्षी पगारातून नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथल्या पेन्शन वगैरेसाठीची सक्तीची वर्गणी, कापला गेला. इथली पेन्शन मिळायला किमान १० वर्षं भरावं लागतं, म्हणजे तो पैसा गेला तो गेलाच. तात्पुरत्या बदलीवर आलेल्यांना दोन्हीकडे भरावं लागू नये, असं आता भारताशी ठरलंय. मला हा करार मोठाच वाटतो.

स्वतंत्र बाणा

तेच म्हणतोय. आणि लेस्टरकर, तुम्ही परत युरोपच्या कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क असलेल्या गटात, जायचं म्हणत असाल, तर भारताशी ठरलेले शुल्काचे दर ब्रिटनला सोडावे लागतील. दोन्ही एकदम मिळत नाही.

लेस्टरकर

नाही, तेवढं मी मागतच नाही. १९ मे २०२५ ला स्टार्मर आणि युरोपीय संघ यांच्यात खाद्यपदार्थांच्या तपासणीबद्दल समझोता करायचं ठरलं. त्यासाठी युरोपीय बोटींना ब्रिटनच्या समुद्रात २०३८ पर्यंत मासेमारी खुली ठेवावी लागली. कोळ्यांना ते लागलं, आणि त्यांचा राग खरा आहे.

स्वतंत्र बाणा

आणि नियम तिकडे ठरणार, इकडे पाळणार. टेबलावर खुर्चीही नाही.

लेस्टरकर

चीजच्या बाबतीत आम्ही ते नियम आजही पाळतोच, नाहीतर माल फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरतच नाही. ते पाळूनही वर पशुवैद्याची सही लागते. ती सही जावी, एवढंच मागणं आहे. लियाँचं ते दुकान अजून दर नोव्हेंबरला विचारतं, नाताळसाठी दोन खोकी पाठवाल का म्हणून.