रेनिंगमध्ये नवख्या स्वाराचे गुण कसे ठरतात?

प्रश्न (लोहा, जि. नांदेड): माळेगावच्या यात्रेत घोड्याची चाल पाहून पारख करणारी जाणती मंडळी आम्ही नेहमी पाहतो, परंतु अमेरिकी रेनिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या क्रमाने घोड्याकडून कसरती करून घेण्याच्या स्पर्धेत, नवख्या स्वाराला परीक्षक काही सूट देतात का, हे कृपया सांगावे.

उत्तर १: सूट नाही, दादा. सुरुवात ७० गुणांपासून होते आणि प्रत्येक कसरतीला उणे दीड ते अधिक दीड यांदरम्यान अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या टप्प्याने गुण मिळतात. नवख्यांचा गट वेगळा असला, तरी मोजपट्टी तीच.

उत्तर २: खरी मेख दंडात आहे. जागेवरची गिरकी पाव फेरीने पुढेमागे थांबली तर एक गुण जातो, आणि कसरतींचा ठरलेला क्रम चुकला तर थेट शून्य. वेगाचा सोस नंतर करावा.

प्रश्नकर्ता: म्हणजे संथ, पण बिनचूक फेरीला ७० मिळू शकतात?

उत्तर १: होय, प्रत्येक कसरत नेटकी झाली तर.